गोठ्यातलं आवतन

पोळा जवळ आला की मेहकरच्या बाजारात आधी रंग येतात. गोंड्यांचे, झुलींचे, दोरांचे. शिंगांना लावायचा हिंगूळ दुकानदार कागदावर चिमूटभर ठेवून दाखवतात आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर हाताचा आडोसा धरतात. शाळा सुटली की मी मुद्दाम त्या ओळीतून घरी येतो. भाड्याच्या दोन खोल्यांत मी बैल कुठे बांधणार? पण हात आपोआप एखाद्या कासऱ्याकडे जातो, बोटं त्याचा पीळ तपासतात. दुकानदार ओळखीचा आहे. तो विचारतो, "काय मास्तर, जोडी घेतली काय?"

"जोडी गावी आहे," मी म्हणतो, "मीच इकडं सुटा आहे."

यंदा त्या ओळीतून चालताना मन थाऱ्यावर नव्हतं. आप्पा गावात नव्हता.

आप्पा म्हणजे आमच्या डोणगावचा फोटोवाला. पूर्ण नाव अप्पलस्वामी, पण ते गावात कुणाच्या तोंडात बसलं नाही. बाजाराच्या वाटेवर त्याचं टिनाचं दुकान आहे. उन्हाळ्यात, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, तो आपल्या बापाच्या गावाला गेला. तिकडे तेलंगांच्या मुलखात, समुद्राच्या अंगाला. चुलतभावांनी बोलावलं होतं. घरात वाटा आहे, नारळाची झाडं आहेत, ये म्हणाले. गेला तो गेला. पावसाळ्यानं त्याच्या दुकानाच्या कुलपावर गंज चढवला. मागच्या रविवारी मी गावी गेलो, तेव्हा माय मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "आप्पा काही येत नाही आता."

"काऊन?"

"आपलं गाव सापडल्यावर कोन येते वापस? तूच पाय ना. मेहकर सापडलं तुले, तं आता पोळ्याले येतं अन् दिवाळीले येतं. पाव्हण्यावानी."

मी शेंगा सोलायला लागलो. मायच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं, कामाला हात लावायचा असतो. पण मुगाच्या ओल्या टरफलांचा तो हिरवा, किंचित आंबट वास नाकात गेला आणि मला लढाईचं ते साल आठवलं. त्या सालातला पोळा आठवला. खरं सांगायचं तर तो मला दरवर्षीच आठवतो. यंदा जरा भीतीनं आठवला.

त्या वर्षी मी ऐन पावसाळ्यात घरी होतो, आणि हे जरा विशेषच होतं. आमच्या घराण्यात कॉलेजाची पायरी चढलेला मी पहिला. हे मी मान वर करून सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या बाबांनी अंगठ्याशिवाय दुसरी सही केली नाही आणि मी अमरावतीला तर्कशास्त्र वाचत होतो. तिथे पहिल्याच आठवड्यात पुण्याकडच्या एका प्राध्यापकांनी माझं बोलणं ऐकून सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, "कुठले हो तुम्ही? हे मले-तुले कुठून आणलंत?" वर्ग हसला. मी म्हणालो, "डोणगावहून, सर. नकाशात बारीक आहे, नांगराखाली मोठं आहे." मग वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी माझ्या बाजूनं. तर सांगायचं ते असं, की 'कुठला तू?' हा प्रश्न मला ठाऊक होता. त्याला उत्तर असलं की तो प्रश्न सोपा असतो, इतकंच त्या वेळी कळलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात 'चले जाव'नं देशभर गडबड उडाली, कॉलेजं बंद पडली, आणि मी ट्रंक घेऊन गावी परतलो. शेतात कपाशी मांडीला लागत होती. ज्वारी हिरवीगार उभी होती. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून माणसं दिवस असतानाच जेवून घेत. आणि आमच्या गोठ्यात एक परका माणूस राहत होता.

तो कसा आला ते मला मायनं सांगितलं. माणसं दारात येतात ती काही ना काही मागतात. कुणी पाणी मागतं, कुणी कडबा, कुणी पावसापुरतं छप्पर. हा काळासावळा, चाळिशीकडे झुकलेला माणूस पाठीवर लाकडी पेटी आणि खांद्यावर कापडाची लांब गुंडाळी घेऊन आला आणि म्हणाला, "माई, अंधेरा मिलेगा?"

"अंधार?" माय म्हणाली, "बाप्पा! अंधार काय मांगा लागते? दिवस मावळला का फुकट भेटते."

त्याला भर दिवसा अंधार हवा होता. फोटोच्या काचा धुवायला. बाबांनी त्याला गोठ्याचा मागचा कोपरा दिला. तिथे त्यानं गोणपाटं शिवून आडोसा केला, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या, आणि आमच्या गोंड्या आणि सुरत्या या दोन बैलांच्या शेजारी आपला संसार मांडला. संसार तो केवढा? कॅमेऱ्याची पेटी, ती ठेवायचं तिकाटणं, दोन थाळ्या, काचा धुवायच्या औषधांच्या बाटल्या, आणि लाल कागद चिकटवलेला एक कंदील.

गावानं पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "कोन गावचे?" आमच्याकडे आधी गाव विचारतात, नाव मागाहून. गाव कळलं की माणूस निम्मा कळतो. कुणाचा सोयरा, कुणाच्या पंगतीतला, कोणत्या बाजारचा, सगळं त्यात येतं. तो म्हणाला, "रंगून."

पारावर बसलेले सगळे हसले. मारोती भोंडे म्हणून आमचे शेजारी होते, जिभेचे तिखट. ते म्हणाले, "रंगूनहून तांदूळ येते हे मालूम होतं. मानूस येते हे आजच समजलं."

"मग बापाचं गाव कोनतं?" कुणीतरी विचारलं. त्यानं नाव सांगितलं. ते तेलंगी नाव कुणाला उच्चारता येईना. त्यानं ते पुन्हा सांगितलं, मग तिसऱ्यांदा सांगताना त्याचा स्वतःचाच आवाज बारीक झाला. ते गाव त्यानंही कधी पाहिलं नव्हतं. तो रंगूनलाच जन्मला, तिथेच फोटोचं काम शिकला. बॉम्ब पडायला लागले तेव्हा म्हाताऱ्या बापाला घेऊन रानावनातून चालत निघाला. बाप वाटेत राहिला. यापेक्षा जास्त त्यानं कधी सांगितलं नाही, आणि आमच्या घरात कुणी विचारलंही नाही. बापाच्या गावाला जावं, तर त्या काळात समुद्रकाठचीच माणसं लढाईच्या धाकानं आत पळत होती. खामगावच्या जिनिंगमध्ये लांबचा कुणी नातेवाईक होता, त्याच्या आशेनं आला, तर तो नोकरी सोडून गेलेला. मग बाजार धरून हिंडायला लागला. आज साखरखेर्डा, उद्या सुलतानपूर, असं करत डोणगावला टेकला.

त्याची ती कापडाची गुंडाळी म्हणजे रंगवलेला पडदा होता. तळं, तळ्याकाठी घंटेच्या आकाराचं सोन्याचं देऊळ, वर निळं आभाळ. रंगूनचंच ते. रानातून चालताना भांडीकुंडी टाकली, अंथरूण टाकलं, पण पेटी आणि पडदा टाकला नाही. बाजारात तो पडदा बाभळीला बांधायचा आणि आमची माणसं त्यासमोर उभी राहायची. उभं राहण्याआधी कित्येक जण चपला काढत, पडद्याकडे तोंड करून हात जोडत. देऊळ आहे ना! एक म्हातारी तर देवळाकडे पाठ करून बसायलाच तयार होईना. "देवाले पाठ दाखवू काय मी, या वयात?" शेवटी आप्पानं तिचा फोटो पाठमोराच काढला. पडद्यापुढे हात जोडून बसलेली, डोक्यावरून पदर. तिच्या लेकानं तो घरात लावला. गावात सगळे म्हणतात, हुबेहूब माय आहे.

बैलांचे फोटो काढून घ्यायची हौस मात्र पुरुषांची. त्याच्याजवळच्या काचा जुन्या, मंद. क्षणभर तरी हलायचं नाही असं असायचं. माणसं श्वास धरून उभी राहत, बैलाला कोण सांगणार? मारोती भोंड्यांच्या बैलानं नेमकी मान फिरवली आणि काचेवर एका धडाला दोन तोंडं आली. मारोतीभाऊ आधी तणतणले. मग तो फोटो घेऊन गावभर हिंडले, "असा बैल पाह्यला काय कोनाच्या बापानं?"

अशी चेष्टामस्करी चालली होती, आणि तिच्या खालून दुसरंच काही वाहत होतं, ते मला उशिरा दिसलं. माणसं त्याच्याकडून फोटो काढून घेत, पण घरी बोलावत नसत. आमच्याकडूनही भाकरी त्याला जायची ती गोठ्यात. माय ताटली नेऊन ठेवायची. तो आमच्या घरात होता आणि नव्हता. त्यातून तो लाल कंदील. संध्याकाळी गोठ्याच्या कुडातून लाल उजेडाच्या रेघा बाहेर पडत. जपानी विमानाला खूण करतो, अशी पुडी कुणीतरी सोडली. मी पारावर जाऊन सांगून आलो, की लाल उजेडानं काच खराब होत नाही, शास्त्र आहे ते. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पुडी अशी झाली, की कॉलेजात शिकलेला पोरगाही त्याला सामील आहे.

मेहकरला बातमी गेली असं कळलं. त्या महिन्यात पोलीस माणूस नेत, तो कधी परत येईल याचा भरवसा नसायचा. आणि हा तर रंगूनचा. बाबा दोन दिवस कमी जेवले. आप्पाला त्यांनी म्हटलं, "काही दिवस दुसऱ्या गावाले जाता काय?" आप्पा म्हणाला, "जाऊँगा दादा. पोला देखके जाऊँगा." मग हसून म्हणाला, "सब गांव में यही पूछते हैं. कहां जाऊं?"

मग खांदशेकणीचा दिवस आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना कामाला लावत नाहीत. नदीवर धुवून आणतात, आणि दिवेलागणीला गरम पाणी, लोणी आणि हळदीनं पळसाच्या पानांनी त्यांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून कातडीला घट्टे पडलेले असतात. लोण्याचा हात फिरला की बैल मान खाली घालतो आणि डोळे मिटतो. मग घरची लक्ष्मी त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देते. आम्ही त्याला आवतन म्हणतो.

त्या संध्याकाळी बाबांनी गोंड्याचा खांदा शेकला, मी सुरत्याचा. माय लोटा आणि पळसाचं पान घेऊन पुढे आली. गोठ्यात चुलीच्या धुराचा, ओल्या कातडीचा आणि त्या काचांच्या औषधाचा आंबूस वास एकत्र झाला होता. मायनं दरवर्षीसारखं, गोंड्याच्या कानाजवळ वाकून, हळू आवाजात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि अंधारातून उत्तर आलं, "हाव माय. येतो."

मायच्या हातातला लोटा पडला. "वो माय! बैल बोलला!" असं म्हणत ती बाबांच्या अंगावर आली. गोंड्यानं दचकून दाव्याला हिसका दिला. मीसुद्धा, तर्कशास्त्र वाचलेला माणूस, एक पाऊल मागे सरलो हे नाकारत नाही. मग गोणपाटाच्या मागून लाल उजेड हलला आणि आप्पाचा चेहरा बाहेर आला. दोन्ही हात औषधात भिजलेले, कोपरापर्यंत वर धरलेले. तो काच धूत होता, म्हणून मध्येच बाहेर येता आलं नव्हतं. त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"कल? दोपहर को कि शाम को?" त्यानं मायला विचारलं. 'हाव माय, येतो' एवढी आमची बोली तो शिकला होता, पुढे हिंदीच.

आवतन त्यालाच दिलं असं त्याला वाटलं होतं. का वाटू नये? गोठ्यात तो राहत होता. मायनं गोठ्यात येऊन, अदबीनं, 'घ्या', 'या' म्हणून बोलावलं होतं. बैलाला कुणी जेवायला बोलावतं, हे रंगूनच्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

मला हसू फुटणार होतं. मी बाबांकडे पाहिलं आणि ते हसू घशातच राहिलं. बाबांनी हळदीचे हात धोतराला पुसले. मायकडे बघून म्हणाले, "आवतन आहे. घेतलं त्यानं. आता वापस थोडीच घेता येते?" मग आप्पाकडे वळून म्हणाले, "संध्याकाळी. पोळा फुटल्यावर. हातपाय धुवून या."

आप्पा आत गेला. लोटा उचलता उचलता माय पुटपुटली, "सहा महिने झाले असतीन त्याले, कोनी या म्हटलं नाही." मग पुन्हा गोंड्याजवळ गेली. "अन् तुमीबी या. तुमचंबी ताट आहेच."

आज मी मुलांना शिकवतो, तेव्हा कधी कधी वाटतं की या एका रिवाजावर तासभर बोलावं. जो बैल वर्षभर आपल्याच दारात खातो, त्याला आवतन कशाला? तो कुठे जाणार असतो? पण हक्काच्यालाही एकदा 'या' म्हणावं लागतं, असं आमच्या आजोबा-पणजोबांना वाटलं असेल. नुसतं दावणीला बांधलेलं असणं वेगळं. मी मेहकरला दोन खोल्यांत राहतो, घरमालक भला आहे, भाडं घेतो, पाणी देतो. पण डोणगावला शिरताना वेशीवर कुणीतरी "आला काय बे?" असं ओरडतं, तेव्हाच माझे खांदे मोकळे होतात.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलल्यावर आखरावर, गुरं जमायच्या मैदानात, बैल जमले. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, शिंगांवर बेगड चमकत होती, घुंगरमाळांचा आवाज आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांचे गळे एकमेकांत मिसळून गेले होते. आप्पा धुतलेलं धोतर आणि कोपरावर रफू केलेला कोट घालून, तिकाटणं मांडून उभा होता. तेवढ्यात मेहकरच्या बाजूनं हवालदार आणि शिपाई आले. झडत्या थांबल्या. माणसं थांबली तरी घुंगरं थांबत नाहीत, बैलांच्या माना हलतच असतात. त्यामुळे ती शांतता फार विचित्र होती.

हवालदारानं विचारलं, "रंगूनवाला कोनता?"

विचारायची गरज नव्हती. काळ्या कापडाखालून आप्पा बाहेर आला होता.

"परका मानूस. हातात कॅमेरा. लाल कंदील. आनखी काय पायजे?" हवालदार गावाकडे वळला. "कोनाचा मानूस आहे हा? कोनी सांगते काय, हा आमचा म्हणून?"

कुणी बोललं नाही. मी त्यांना दोष देत नाही, त्या दिवसांत बोलणं महागात जायचं. मी पुढे होऊन म्हणालो, की कायद्याप्रमाणे नुसता कंदील बाळगणं हा गुन्हा होत नाही. हवालदारानं मला वरखाली पाहिलं. "कॉलेजातले काय?"

"हो."

"कॉलेज बंद आहे ना सध्या? मंग तोंडबी बंद ठेवा."

तेव्हा बाबा गोंड्याचा कासरा माझ्या हातात देऊन पुढे गेले. म्हणाले, "आमचा आहे."

"आमचा म्हंजे? कोन लागते तुमचा?"

इथे बाबा अडले. ते खोटं बोलणारे नव्हते. मेहुणा म्हणावं तर नाही, भाचा म्हणावं तर नाही. नात्याची एवढी नावं आमच्या भाषेत, पण यातलं एकही त्या माणसाला लागत नव्हतं. शिपायानं आप्पाच्या दंडाला हात घातला.

बायका आखराच्या कडेला उभ्या होत्या. त्यांच्यातून मायचा आवाज आला. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पण आवाज खणखणीत.

"आवतन घेतलं त्यानं."

"कोनतं आवतन वो बाई?"

"बैलाचं. काल आमच्या गोठ्यात. म्या म्हटलं, आज आवतन घ्या, तं हा म्हने, हाव माय, येतो. आता पुरन घातलं म्या त्याच्या नावचं. तुमी त्याले घेऊन जासान, तं ते ताट कोनापुढं ठेवू? सांगा तुमीच."

मग मारोती भोंडे फुसकन हसले. मागोमाग सगळं आखर हसलं, इतक्या दिवसांची भीती एकदम नाकातोंडातून बाहेर पडावी तसं. हवालदार हसला नाही. त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि मायकडे बघत हळूच विचारलं, "खरंच बोलला? गोठ्यातून?"

"लोटा पडला माह्या हातातून. चेपला पाहा, दाखवू काय?"

तो साखरखेर्ड्याकडचा शेतकऱ्याचा पोर होता, हे मागाहून कळलं. घरी त्याचीही जोडी होती आणि त्या वर्षी पोळ्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्यानं बराच वेळ आमच्या गोंड्याकडे पाहिलं. मग शिपायाला म्हणाला, "सोड. आवतन घेतलं म्हंजे घरचाच झाला." आणि बाबांना, जरा अंमलदारी आवाजात, "पन तो लाल उजेड बाहेर नको. कुडाले गोनपाट डबल लावा."

"लावतो," बाबा म्हणाले.

शिपायाचा हात सुटला तेव्हा आप्पाच्या छातीतून जो श्वास बाहेर पडला, तो मी तीन हातांवरून ऐकला. तोच आप्पा पुढच्या घटकेत हवालदाराला म्हणत होता, "साब, फोटो?" हवालदार गोंड्याच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिला. मागे रंगूनचं सोन्याचं देऊळ, पुढे बेगड लावलेली खामगावी शिंगं, आणि मध्ये आपल्या बैलाची आठवण येणारा पोलीस. गोंड्या एरवी क्षणभर स्थिर राहत नसे, त्या दिवशी हलला नाही.

पोळा फुटला. बैल घरोघर गेले. माय ओवाळायला दारात उभी राहिली. आधी बैलांना पुरणाचं ताट, मग माणसांची पंगत. आप्पाला बाबांच्या शेजारी पाट होता. तो जेवला नाही फारसा. ताटाकडे बघत बसला. माय म्हणाली, "गोड नाही झालं काय?" तेव्हा कुठे हात चालायला लागला.

तो त्या वर्षी गेला नाही. पुढच्या वर्षीही नाही. लढाई संपली, इंग्रज गेले, मी बी.ए. होऊन मास्तर झालो. आप्पानं टिनाचं दुकान घातलं, लग्नाची जोडपी, शाळेचे वर्ग, मुंजी, बैल, सगळं काढलं. पण दर खांदशेकणीला तो गोठ्याच्या त्याच कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. माय गोंड्याच्या कानाशी आवतन म्हणायची आणि मग मुद्दाम थांबायची. अंधारातून उत्तर यायचं, "हाव माय. येतो." मग सगळं घर हसायचं. गोंड्या गेला, त्याच्या जागी दुसरा आला, त्याचंही नाव गोंड्याच ठेवलं. उत्तर तेच राहिलं.

यंदा मी खांदशेकणीला दुपारीच गावी पोचलो. दुकानाला कुलूप होतं. बाबांचे हात आता थरथरतात, म्हणून दोन्ही बैलांचे खांदे मीच शेकले. माय पळसाचं पान घेऊन आली. वाकली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि थांबली. सवयच ती.

कोपऱ्यात काही नव्हतं. गोणपाटाचा तुकडा खिळ्याला लटकत होता. बैलानं शेपटी हलवली. माय तशीच वाकलेली राहिली, मला वाटतं जरा जास्तच वेळ. मग उठली आणि म्हणाली, "चला, दाळ भिजू घालाची आहे." पुरणाला डाळ मात्र तिनं एका माणसाची जास्तच घेतली. मी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पोळा फुटला, बैल दारात आले, ओवाळून झाले, त्यांचं ताट झालं. आम्ही पाटावर बसणार, तेवढ्यात अंगणात पेटी टेकवल्याचा आवाज झाला.

"गाडी मलकापूरले चुकली," आप्पा म्हणाला. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला, हातात शेंड्यांनी एकत्र बांधलेले नारळ. "नाही तं कालच येत होतो."

बाबा उठून उभे राहिले. मी तर पाटावरून उडालोच. माय जागची हलली नाही. परातीत हात तसाच. "आला काय?" एवढंच म्हणाली, आणि तोंड फिरवून डोळे खांद्याला पुसले.

"कसं आहे गाव?" बाबांनी विचारलं.

"बेस आहे. मोठं देऊळ आहे. समुद्र आहे. भाऊ लोक भले आहेत." आप्पा ओट्यावर बसला. त्याची मराठी आता आमच्यासारखीच झाली आहे, फक्त शब्दांचे शेवट अजून तेलंगी वळणानं लांबतात. "पहिल्याच दिवशी विहिरीवर एका बुढीनं विचारलं, कोन गावचा तू? तेलगूत विचारलं. बाप तिथला माहा, आजा तिथला. मी तोंड उघडलं अन् निघून गेलं, डोणगाव."

"मंग?"

"ती म्हने, हे कोठी आलं? मी म्हटलं, मेहकरच्या जवळ." तो स्वतःशीच हसला. "तिले मेहकरबी मालूम नाही. काय सांगू बाप्पा."

मी त्याच्यासाठी पाट मांडला. तो हातपाय धुवून बसणार, तोच माय म्हणाली, "थांब. जेवाले कसा बसतं? आवतन घेतलं काय तुनं?"

आप्पा उभाच राहिला. मग वळला आणि अंगण ओलांडून गोठ्यात गेला. माय पळसाचं पान शोधायला लागली; कालचं सुकून गेलं होतं, तेच घेतलं. आम्ही बापलेक दारात उभे राहिलो. गोठ्यात बैल पोट भरून बसले होते. एक दिवस शिळं आवतन ऐकायला त्यांनी मानही वर केली नाही.

"आज आवतन घ्या," माय म्हणाली, "आजच जेवाले या."

"हाव माय," कोपऱ्यातल्या अंधारातून उत्तर आलं. "येतो."